जुन्या गाडीच्या इंजिनातला गंज काढताय? या चुका टाळा

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी तापायला लागली की पहिला संशय रेडिएटरवर, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणाऱ्या जाळीवर. तो उतरतो, दुकानात जातो, टाक्या उघडून नळ्यांमधून सळई फिरवली जाते, फुटलेल्या जागी कथलाचा डाग दिला जातो, वरून काळा रंग. काही दिवस गाडी बरी चालते आणि मग तापमानाचा काटा पुन्हा वर. शिव्या रेडिएटरवाल्याला बसतात. खरं तर साफ झालेल्या नळ्यांत नवा गाळ आणून टाकलेला असतो तो इंजिनच्या ब्लॉकने, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ठोकळ्याने, आणि ब्लॉककडे कोणी बघितलेलंच नसतं.

कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी घ्या, ॲम्बॅसॅडर घ्या नाहीतर महिंद्राची जुनी जीप, तिघींचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. त्यात वर्षानुवर्षं बोअरचं नाहीतर नळाचं साधं पाणी. बीड गंजतं आणि जड पाण्यातला क्षार गरम भागावर थर धरतो. सुटलेलं सगळं जिथे पाणी संथ असतं तिथे, म्हणजे ब्लॉकच्या तळाशी आणि बहुधा मागच्या सिलिंडरभोवती, बसतं. मीटरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो, सिलिंडरच्या भिंतीचं नाही. त्यामुळे काटा मध्यावर असतानाही चिखलाआडचा सिलिंडर भाजत असू शकतो.

रोग न ओळखता धुवायला घेणे

गाडी सिग्नलला तापते आणि धावताना निवळते, तर आधी हवेची बाजू बघा: पंख्याचा पट्टा सैल आहे का, रेडिएटरच्या जाळीत धूळ-किडे अडकलेत का. उलट हमरस्त्यावर वेग धरला की काटा चढत असेल, तर पाणी पुरेसं फिरत नाही. नळ्या तुंबल्यात किंवा खालचा होज पाइप म्हातारा होऊन वेगात आत ओढला जातोय. हा पाइप उभ्या गाडीत टुमटुमीत दिसतो, म्हणून बरेचदा सुटतो. मदतनिसाला ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि पाइपवर नजर ठेवा.

थंड इंजिन रेडिएटरची टोपी उघडी ठेवून चालू केलं आणि पाण्यात लगेच सतत बुडबुडे दिसले, तर प्रकरण हेड गॅस्केटचं, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधल्या पट्टीचं आहे. तिथे कितीही धुतलंत तरी उपयोग नाही. इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे गेलं असलं तरी गाडी तापते, आणि ते तपासायला पैसे लागत नाहीत.

रेडिएटरची परीक्षाही सोपी. गाडी गरम करा, इंजिन बंद करा, पंखा थांबल्यावर जाळीवरून हात फिरवा. मधेच गार पट्टे लागले तर त्या नळ्या बंद आहेत.

ड्रेन कॉक उघडला, पाणी आलं नाही, म्हणजे ब्लॉक रिकामा समजणे

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. बहुतेक लोक रेडिएटरचा कॉक उघडतात आणि पाणी बदललं म्हणतात. ब्लॉकच्या बाजूला वेगळा कॉक किंवा बोल्ट असतो. तो काढल्यावर काहीच आलं नाही, तर समजा की आत गाळ त्या भोकाच्या वरपर्यंत भरलाय. तार घाला, खरवडा. आधी घट्ट चिखल पडेल, मग तपकिरी पाणी.

गाळ जुना असेल तर वेल्च प्लग काढण्याशिवाय गत्यंतर नाही. ब्लॉकच्या कुशीला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल चकत्या म्हणजे हे प्लग. काढताना हातोडी जपून चालवा, कारण प्लगच्या मागे थोड्याच अंतरावर सिलिंडरची भिंत असते. चकतीच्या एका कडेला हलका ठोका देऊन ती फिरवायची आणि पक्कडीने ओढायची. नवे प्लग पितळेचे घ्या, ते गंजत नाहीत.

आत काय काय निघतं म्हणाल तर गंजाची पापुद्री, क्षाराचे खडे, कधी ओतकामातली वाळू. आणि हळद. रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकायची ही आपल्या ड्रायव्हर मंडळींची जुनी युक्ती. घाटात अडकलात तर गावापर्यंत पोचवते हे खरं. पण घरी आल्यावर ती कोणी काढत नाही, आणि गळकं भोक बुजवणारी हळद चांगली नळीही बुजवते. हा सगळा ऐवज वाकवलेल्या तारेने, चमच्याने, पाण्याच्या धारेने बाहेर काढायचा असतो. इतका गाळ कुठल्याही रसायनात विरघळत नाही, त्यामुळे बाटली ओतून काम उरकण्याचा मोह सोडा.

जीपवाल्यांनी आणखी एक बघावं. विलीज घराण्याच्या (मूळ अमेरिकन जीपच्या) चार सिलिंडर इंजिनात वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या आत, पाणी वाटून देणारी पत्र्याची लांब नळी असते. ती गंजून कुजली की मागच्या सिलिंडरांना पाणी नीट पोचत नाही. पंप काढलाच आहे तर ही नळी ओढून बघा. तुटून हातात आली तर गाडी का तापत होती ते कळलं.

संडास धुवायचं ॲसिड, नाहीतर कॉस्टिक सोडा

गॅरेजमध्ये हा सल्ला हमखास मिळतो. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे हे लक्षात ठेवा. हायड्रोक्लोरिक ॲसिड ते खातं, कॉस्टिक तर त्याहून झपाट्याने खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, जो पेट घेतो.

त्यापेक्षा किराण्यातलं लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, बरं. पाण्यात तेलाचा तवंग असेल तर आधी तो काढा, तेलाच्या थराखाली ॲसिड पोचत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून ठेवा. लिटरभर पाण्याला 50 ग्रॅमच्या हिशेबाने मिश्रण भरा, गाडी चांगली गरम होईपर्यंत आणि वर अर्धा तास चालवा, मग थोडं निवल्यावर सोडून द्या. घाण निघत असेल तर पुन्हा करा, पण रात्रभर आत ठेवू नका. नंतर स्वच्छ पाण्याने धुवा, एकदा चमचाभर खायचा सोडा घातलेलं पाणी फिरवा, परत धुवा. त्याच दिवशी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं गंजरोधक द्रव, भरा. उघडं पडलेलं बीड नुसत्या पाण्यात लगेच पुन्हा गंजायला लागतं.

इंजिन पूर्ण उघडलं असेल तर सुटा बिडाचा ब्लॉक साखर कारखान्यातल्या मळीच्या पातळ द्रावणात बुडवून ठेवण्याचीही पद्धत आहे. आठवडे लागतात आणि वास असह्य येतो, पण बिडाला इजा न होता गंज सुटतो. ॲल्युमिनियमचे भाग मात्र त्यात अजिबात नकोत.

साफसफाईनंतर नवीन गळती सुरू झाली तर दचकू नका. काही भोकं गंजानेच बुजवलेली असतात.

कॉम्प्रेसर लावणे

जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरचे जोड शिशा-कथलाच्या डागाचे. हवेचा झोत दिला तर ते उकलतात. घरच्या नळाची धार पुरते, फक्त उलट्या दिशेने: रेडिएटरला खालून आत, वरून बाहेर. टोपीही मूळ दाबाचीच हवी. 7 पौंड दाबाच्या (दर चौरस इंचाला) टोपीने पाण्याचा उत्कलनबिंदू 111 अंशांच्या आसपास जातो. जास्त दाबाची टोपी लावून तो आणखी वाढवायला गेलात तर जुना रेडिएटर कुठूनतरी फुटेल.

थर्मोस्टॅट कायमचा फेकणे

‘आपल्याकडे गरम हवा, कशाला हवा तो?’ असं म्हणत कित्येक गाड्यांतून तो गेलाय. मग इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा येतं, ऑइलमध्ये ओल साठते, पेट्रोल जास्त जातं. जुना असेल तर पातेल्यात पाणी तापवून त्यात टाका. त्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास उघडत असेल तर परत बसवा.

शेवटी पुन्हा बोअरचं पाणी

एवढं करून हेच होतं. डिस्टिल्ड पाणी वापरा आणि तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चालणारं कूलंट आहे ना हे डब्यावर वाचून घ्या. रंगावरून काही कळत नाही. आपल्या हवेत गोठण्याची भीती नसली तरी कूलंट 30 टक्क्यांहून पातळ करू नका, गंजरोधक कमी पडतं. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालूच नका. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. टोपीही गरम असताना उघडायची नाही.

कूलंट भरल्यावर वरच्या होजच्या रेडिएटरकडच्या तोंडात जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा खोलगट पिशवी होईल असा बसवा आणि त्याची कड क्लिपखाली घट्ट धरा. सुटणारी खपली त्यात अडकते. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, काढून बघा, धुवा, परत लावा. दोन-तीन वेळा स्वच्छ निघाला की काढून टाका. मोजा स्वच्छ आणि तरी गाडी तापतेय, तर मात्र हेड उघडायची तयारी ठेवा.