जुन्या कॉम्प्युटरवर ब्लेंडरमध्ये मूर्ती घडवताय? या चुका टाळा

४ किंवा ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही थ्रीडी प्रिंटसाठी नऊ इंची गणपती ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नीट घडवता येतो. काम अडतं ते बहुतेक वेळा बारीक कोरणीत फार लवकर शिरल्यामुळे. कुंभारवाड्यात शाडूची मूर्ती करताना आधी पोट, मांड्या, सोंड यांचे ढोबळ गोळे बसतात; डोळ्यांची आखणी अगदी शेवटी होते. स्क्रीनवर हा क्रम मोडला तर त्याची किंमत रॅमला मोजावी लागते.

मल्टिरेझोल्यूशन पहिल्याच दिवशी वर नेणं

मल्टिरेझोल्यूशन हा मॉडिफायर (मूर्तीवर चढवायचं साधन) मेशची, म्हणजे मूर्तीच्या पृष्ठभागाच्या जाळीची, बारकाई लेव्हलनुसार वाढवतो. त्यात सबडिव्हाइड एकदा दाबलं की मेशचे फेस, म्हणजे जाळीचे छोटे तुकडे, चौपट होतात. समजा, मूळ मेश १,५०० फेसची आहे. तिसऱ्या लेव्हलला ती ९६,००० होते, चौथ्या लेव्हलला ३,८४,०००, पाचव्या लेव्हलला १५,३६,००० आणि सहाव्या लेव्हलला ६१,४४,०००. ४ जीबीवर चौथ्या लेव्हलला थांबा. ८ जीबीवर पाचवी चालते, पण तेव्हा ब्राउझर बंद हवा.

रॅमपेक्षाही मोठं नुकसान घडणीचं होतं. सोंडेचं वळण दुसऱ्या लेव्हलला जमलेलं नसेल, तर पाचव्या लेव्हलला ते सरकवताना नुसते खड्डे आणि उंचवटे पडतात. म्हणून एका लेव्हलवर करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हाच पुढची चढा. चूक उशिरा दिसली तर मॉडिफायरमधला ‘स्कल्प्ट’चा आकडा खाली आणा, वळण दुरुस्त करा आणि परत वर जा. वरची कोरणी तशीच राहते.

मुकुट, हात, सिंहासन, उंदीर हे वेगळे ऑब्जेक्ट ठेवा. अंकपट्टीवरची तिरकी रेघ दाबली की निवडलेला ऑब्जेक्ट एकटाच दिसतो आणि बाकीचे काढण्याचा भार ग्राफिक्सवर पडत नाही. आणखी एक हिशेब आधीच करून ठेवा: फिलामेंटच्या (प्लॅस्टिकची तार वितळवणाऱ्या) प्रिंटरला बहुधा ०.४ मिमीचा नोझल, म्हणजे तोंडाचं छिद्र, असतो. त्याहून बारीक नक्षी प्रिंटमध्ये उतरत नाही, मग तिच्यासाठी लाखो फेस कशाला सांभाळायचे?

स्केल अप्लाय न करता रिमेश

‘अचानक हँग झालं’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. रिमेश म्हणजे मेश एकसारख्या चौकटींत नव्याने विणणं, आणि व्हॉक्सेल साइझ म्हणजे त्या चौकटीचं माप. तो निम्मा केला की फेस साधारण चौपट होतात, एवढं अनेकांना ठाऊक असतं. पण ऑब्जेक्ट मोडमध्ये मूर्ती दहापट लहान केली असेल, तर आतली मेश जुन्याच मापाची असते आणि व्हॉक्सेल त्या जुन्या मापाने मोजला जातो. अपेक्षेच्या शंभरपट फेस तयार होतात. रिमेशच्या आधी ऑब्जेक्ट मोडमध्ये कंट्रोल आणि ए दाबून ‘स्केल’ निवडा, म्हणजे बदललेलं माप मेशमध्ये पक्कं (अप्लाय) होतं. मग मोठ्या व्हॉक्सेलने सुरुवात करा आणि एकेक पायरी खाली या. ओव्हरलेमधलं ‘स्टॅटिस्टिक्स’ चालू असू द्या, म्हणजे आकडा डोळ्यांसमोर राहतो.

डायनटोपोमध्ये (ब्रश फिरेल तिथे मेश दाट करणारी सोय) असाच सापळा ‘रिलेटिव्ह डिटेल’चा आहे. तिथे बारकाई पडद्यावरच्या पिक्सेलवर ठरते, त्यामुळे कान जवळून पाहत ब्रश फिरवला की तेवढ्याच जागेत मेश दाट होत जाते. ‘कॉन्स्टंट डिटेल’ वापरा. डायनटोपो ढोबळ आकार शोधण्यापुरता चांगला. आकार सापडला की तो बंद करून रिमेश करा. सबडिव्हिजन सरफेस (मेश आपोआप गुळगुळीत करणारा) मॉडिफायर चालू ठेवून स्कल्प्ट करू नका, प्रत्येक फटक्याला अख्खी मेश नव्याने मोजली जाते.

अनडू मोकाट सोडणं

ब्लेंडर मुळात ३२ पायऱ्या मागे जाऊ देतं आणि त्यांच्या मेमरीला मर्यादा नसते. सेटिंगमधल्या ० चा अर्थ तोच. एडिट, प्रेफरन्सेस, सिस्टिम या वाटेने जाऊन पायऱ्या १० ते १२ करा आणि मेमरी लिमिट ५१२ एमबी द्या. मोठा रिमेश झाला की जुनी मेश अनडूत पडून राहते. अशा वेळी सेव्ह करून तीच फाईल पुन्हा उघडली की ती जागा मोकळी होते.

ऑटोसेव्हवर विसंबू नका. ‘सेव्ह अ‍ॅज’च्या खिडकीत अधिकचं चिन्ह दाबलं की नावापुढचा क्रमांक वाढतो. प्रत्येक लेव्हल चढण्याआधी अशी नवी प्रत ठेवा. क्रॅश झालंच, तर तासाभराची मेहनत वाचते.

मशीनच्या बाजूच्या चुका

ब्लेंडर उघडतच नसेल तर आधी आवृत्ती पाहा. ४.० पासून विंडोजवर ओपनजीएल (ग्राफिक्स चित्र काढण्याची प्रणाली) ४.३ लागतं. इंटेल एचडी ४००० ग्राफिक्स तिथपर्यंत पोचत नाही, त्यावर ३.६ वापरा.

पेजफाईल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाईल) बंद केल्याने वेग वाढतो हा गैरसमज आहे. रॅम भरली की हळू होण्याऐवजी प्रोग्रॅम थेट बंद पडतो. ती विंडोजच्या हवाली ठेवा, आणि शक्य असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा कुठेही जुनी रॅम घ्यायला जाताना आधी बसलेली पट्टी काढून सोबत न्या. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्याच असतात, पण पहिली १.५ व्होल्टची आणि दुसरी १.३५ व्होल्टची. इंटेलच्या चौथ्या पिढीचे ‘यू’ प्रोसेसर असलेले लॅपटॉप फक्त डीडीआर३एल घेतात. चुकीची पट्टी लावली तर स्क्रीन काळीच राहते. एकच ८ जीबी घेण्यापेक्षा ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या बऱ्या, कारण अंगभूत ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन चॅनेल मिळाले की व्ह्यूपोर्ट (मूर्ती दिसते ती खिडकी) जाणवण्याइतका हलका फिरतो.

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सकाळी नीट चालणारा ब्रश दुपारी अडखळत असेल, तर फेस मोजण्याआधी पंख्यातली धूळ काढा. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.