जुन्या इमारतीच्या फोटोची रचना कशी तपासावी

सरावासाठी छायाचित्रकार फेलिचे बिआतोने १८५८ मध्ये लखनौच्या सिकंदरबागेत काढलेला फोटो घ्या. इंटरनेटवर तो सहज सापडतो. छापून घेतलात तर उत्तम. फोटोखालची शीर्षकाची ओळ मात्र सध्या झाकून ठेवा, नाहीतर डोळे तीच गोष्ट शोधत बसतात.

आधी फोटो उलटा धरा. त्या काळचा छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोकं घालून मागच्या काचेवर दृश्य पाहायचा, ते उलटंच दिसायचं. उलट्या फोटोत खांब खांब राहत नाहीत, नुसते उजेड-अंधाराचे तुकडे उरतात. कोणता तुकडा जड आहे, नजर कुठे अडते, ते पेन्सिलीने टिपून ठेवा.

आता सुलट करा आणि यंत्राने लादलेल्या गोष्टी बाजूला काढा. पांढरंफटक आकाश ही कलात्मक निवड नव्हे. तेव्हाची रसायनं निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होती, त्यामुळे आकाश जळून जायचं. लाल-पिवळे रंग उलट काळपट यायचे. प्रकाश बराच वेळ आत घ्यावा लागे, म्हणून हलती पानं पुसट दिसतात. माणसं स्पष्ट आली असतील, तर ती सांगून उभी केलेली आहेत असं धरून चालायला हरकत नाही.

मग कॅमेऱ्याची जागा शोधा. खांबांच्या कडांवर पट्टी ठेवा. त्या वर एकमेकींकडे न झुकता समांतर असतील तर कॅमेरा वर कलवलेला नाही. कॅमेरा न कलवता उंच इमारत चौकटीत बसवायची तर मागे सरकावं लागतं, आणि मागे सरकलं की खाली मोकळ्या जमिनीचा मोठा पट्टा येतो. भिंग वर सरकवून तो थोडा कमी करता येतो, पण बहुतेकदा उरतोच. जुन्या फोटोंत पुढे बैलगाडी किंवा बसलेला माणूस दिसतो, तो पुष्कळदा हा पट्टा भरायला आणि इमारतीची उंची कळायला.

इथून पुढे सावकाश. बिआतोच्या फोटोत मागे पडझड झालेली, खांबांची वास्तू आहे, जवळ काही माणसं आणि एक घोडा. आणि पुढच्या पट्ट्यात? मानवी हाडं आणि कवट्या, बऱ्याच जागेवर पसरलेल्या. सिकंदरबाग नवाब वाजिद अली शाहने बांधवलेली. तिथली लढाई १६ नोव्हेंबर १८५७ ची, आणि मारल्या गेलेल्या बंडवाल्यांचा आकडा सुमारे २००० सांगितला जातो. बिआतो लखनौला पोहोचला तो मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी शहर पुन्हा घेतल्यावर. मृतदेह झाकून टाकले होते, पण छायाचित्रकाराने ते उघडायला लावले, असं जॉर्ज कॅम्पबेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. म्हणजे पुढचा पट्टा मांडलेला आहे. बारकाईने पाहिलं की तो संशय फोटोतूनच येतो. कॅम्पबेलची नोंद नंतरचा दुजोरा.

आता खालची ओळ उघडा. ती ‘कत्तलीनंतरचा अंतर्भाग’ अशा अर्थाची आहे. ‘नंतर’ किती महिन्यांनी, हे ती सांगत नाही. विजेत्यांच्या बाजूचं हे शीर्षक आणि ही मांडणी एकाच हेतूने जोडली आहे, असं माझं मत.

शेवटी पुढच्या पट्ट्यावर कागद ठेवून उरलेला फोटो पाहा. पडझड झालेल्या वास्तूचा, बऱ्यापैकी काढलेला एक नेहमीचा फोटो उरतो. वास्तूच्या नक्षीचा किंवा पडझडीचा अभ्यास करायचा असेल, तर तो या झाकलेल्या अवस्थेतच करा.