सिगार मुरवताना या चुका टाळा: मराठवाड्याच्या हवेत डबा कुठे बिघडतो

लोणचं मुरतं तसा सिगारही मुरतो. पान वाळवून, आंबवून, वळून झालं तरी त्यातलं आंबणं मंदपणे चालूच राहतं. नव्या सिगारमधला अमोनियाचा उग्र दर्प हळूहळू उडतो, कडवटपणा ओसरतो, चव मऊ पडते. पण लोणच्याची बरणी फडताळात ठेवून विसरता येते, तसा सिगारचा डबा विसरता येत नाही. लातूर, बीड, परभणीकडे मे महिन्यात दुपारचा पारा 40 ते 43 अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी होते, की आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली उतरते. ऑगस्टमध्ये झड लागली की तीच 80 च्या वर. सिगारबद्दलच्या बहुतेक सूचना थंड देशांत लिहिल्या गेल्या आहेत. त्या इथे जशाच्या तशा पाळल्या, तर पाच वर्षं सांभाळायचा डबा पहिल्याच पावसाळ्यात हातचा जातो.

70-70 चा नियम आंधळेपणानं पाळणे

सगळीकडे सांगितला जाणारा नियम असा: 70 टक्के आर्द्रता आणि 70 अंश तापमान. यातले 70 अंश फॅरनहाइट आहेत, म्हणजे आपले 21 सेल्सिअस. पंखा लावलेल्या खोलीत आपल्याकडे मार्च ते जून डब्यातलं तापमान 30 च्या आसपास किंवा वर असतं. तेवढ्या उबेत 70 टक्के आर्द्रता म्हणजे बुरशीला आमंत्रणच. शिवाय ओलसर सिगार एका बाजूनं जळतो, पुन्हापुन्हा विझतो आणि ओढताना दम लागतो.

एसी नसलेल्या घरात आर्द्रता 62 ते 65 टक्क्यांवर धरा. तापमान 21 च्या आसपास कायम राखता येत असेल, तरच 65 ते 69 चा विचार करा. बोवेडासारख्या, ठरावीक आर्द्रता राखणाऱ्या तयार पुड्या डब्यात ठेवा. त्या ओल देतातही आणि जास्तीची ओल शोषूनही घेतात. 25 सिगारना 60 ग्रॅमची एक पुडी, हा हिशेब पुरतो. एकाच डब्यात 62 आणि 69 च्या पुड्या एकत्र ठेवू नका. एक ओल सोडत राहते, दुसरी शोषत राहते आणि दोन्ही लवकर संपतात. पुडी चाचपून पाहत जा; आतला पातळ लगदा कडक झाला, की ती संपली.

डबा चुकीच्या जागी ठेवणे

पत्र्याच्या खोलीत, स्लॅबखालच्या पोटमाळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात डबा ठेवलात, तर पुढचे सगळे उपाय वाया जातात. जुनं माळवदाचं घर असेल, तर जाड भिंतींची मधली खोली सर्वांत चांगली. तिथे दिवसरात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. सिमेंटच्या घरात खालच्या मजल्यावरची, आतल्या बाजूची, जमिनीलगतची जागा निवडा. डबा थर्माकोलच्या किंवा जाड भिंतींच्या आइस बॉक्समध्ये ठेवला, की चढउतार आणखी कमी होतो.

एसी असेल तर एक वेगळीच अडचण येते. रात्री एसीनं खोली 24 अंशांवर येते, दुपारी तो बंद असताना 36 वर जाते. हा रोजचा हिंदकळा सतत राहणाऱ्या 28 अंशांपेक्षा वाईट. प्लॅस्टिकच्या झाकणाला आतून दव धरतं, ते थेंब सिगारवर पडतात, पान फुगतं, आकसतं आणि शेवटी रॅपर, म्हणजे सिगारचं सर्वांत बाहेरचं पान, उलतो.

कूलरच्या झोतात डबा कधीच ठेवू नका. कूलर खोली थंड करतो तो पाणी हवेत सोडूनच, आणि झाकण उघडलं की ती दमट हवा थेट आत शिरते. वाळ्याचे पॅड असतील तर त्यांचा वासही सोबत येतो. वासाच्या बाबतीत सिगार लोण्यासारखा आहे, शेजारचं सगळं ओढून घेतो. डांबरगोळ्या ठेवलेलं कपाट, देवघरातली उदबत्ती, मसाल्याची मांडणी, सगळ्यांपासून लांब. व्हॅनिला किंवा चेरीच्या चवीचे सिगार साध्या सिगारच्या डब्यात ठेवले, तर थोड्याच दिवसांत सगळे एकाच चवीचे होतात.

देवदाराची पेटी बनवून घेणे

ही चूक चांगल्या हेतूनं होते, म्हणून ती वाईट वाटते. ह्युमिडोरच्या, म्हणजे सिगार ठेवायच्या आर्द्रता राखणाऱ्या पेटीच्या, आतलं लाकूड 'सीडर' म्हटलं जातं, सीडर म्हणजे देवदार असं कोणीतरी सांगतं, आणि सुताराकडून देवदाराची सुंदर पेटी तयार होते. महिन्याभरात सिगारना राळेचा, टर्पेंटाइनसारखा वास लागतो. ह्युमिडोरचं स्पॅनिश सीडर खरं तर सीडर नव्हेच. ते महोगनीच्या कुळातलं झाड आहे. आपला कडुनिंबही त्याच कुळातला. देवदार हा खरा सीडर, आणि त्याचं तेल सिगारची चव मारतं. पॉलिश केलेलं सागवान आणि प्लायवूडही नको.

इथल्या हवेत माझं मत सरळ आहे: लाकडी ह्युमिडोर दिसायला देखणा, पण वर्षानुवर्षांच्या साठवणीला रबरी कड असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा जास्त भरवशाचा. नवा डबा धुऊन, पुसून, दोन दिवस उघडा ठेवा म्हणजे प्लॅस्टिकचा वास जातो. आत सिगारच्याच रिकाम्या खोक्यातल्या स्पॅनिश सीडरच्या पट्ट्या ठेवा. डबा निदान तीन चतुर्थांश भरलेला असू द्या, कारण रिकामी हवा जास्त तेवढी आर्द्रता अस्थिर. महिन्यातून एकदा झाकण काही मिनिटं उघडा, पण मे महिन्यात भर दुपारी नव्हे, पहाटे.

लाकडी ह्युमिडोर वापरायचाच असेल, तर आधी त्याचं लाकूड ओलावून घ्यावं लागतं. ओल्या फडक्यानं आतून पुसण्याची जुनी पद्धत लाकूड वाकवते. त्याऐवजी 84 टक्क्यांच्या पुड्या टाकून रिकामा ह्युमिडोर 14 दिवस बंद ठेवा. ही पायरी टाळली, तर कोरडं लाकूड सिगारमधलीच ओल ओढून घेतं.

बोअरचं किंवा एसीचं पाणी घालणे

पुड्यांऐवजी डब्यात ओल देणारं स्पंजचं किंवा मण्यांचं उपकरण वापरत असाल, तर त्यात फक्त डिस्टिल्ड पाणी. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार स्पंजची छिद्रं बुजवतात. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालणारे ते ह्युमिडोरमध्येही घालतात. ते थंड कॉइलवरून, धुळीतून आणि बुरशीतून येतं. त्यातला प्रत्येक बीजाणू डब्यात वसतीला येईल.

मीटर न तपासता त्यावर विश्वास ठेवणे

डब्यातला काट्याचा आर्द्रतामापक सहज 5 ते 10 टक्के चुकीचा निघतो. डिजिटल घ्या आणि तोही तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात पाण्याचे थोडे थेंब घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी होता कामा नये. झाकण आणि मीटर एका झिप पिशवीत बंद करून 8 ते 12 तास घरात एका जागी राहू द्या. आकडा 75 यायला हवा. 71 आला, तर तुमचा मीटर 4 ने कमी दाखवतो; तेवढे प्रत्येक वेळी मिळवा. वर्षातून एकदा ही तपासणी करा.

कीड लागेपर्यंत वाट पाहणे

मुरवणाऱ्याचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. तंबाखूचा भुंगा, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी, दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी. त्याची अंडी शेतातून किंवा कारखान्यातूनच पानात आलेली असू शकतात आणि थंडाव्यात ती निपचित राहतात. तापमान 24-25 च्या वर गेलं की ती उबतात, आणि 30 च्या आसपासची ऊब तर या किड्याच्या सोयीचीच. अळी सिगार आतून पोखरते, बाहेर टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक आणि बारीक भुगा दिसतो. वसमत, हिंगोलीकडे साठवलेल्या हळकुंडांना जी भोकं पडतात, त्यामागेही बहुतेकदा हाच किडा असतो. म्हणून हळद, धणे, मिरची साठवलेल्या खोलीत सिगारचा डबा ठेवणं म्हणजे कीड दारात आणून ठेवणं.

उपाय एकच: आल्याआल्या गोठवणं. विशेषतः कुरिअरनं उन्हाळ्यात आलेलं पार्सल. गोदामात आणि गाडीत ते किती तापलं, हे कळायला मार्ग नसतो. सिगार दोन झिप पिशव्यांत, एकात एक, हवा दाबून काढून बंद करा. आधी 24 तास फ्रिजच्या खालच्या भागात. मग उणे 18 किंवा त्याहून थंड डीप फ्रीझरमध्ये निदान 3 दिवस. लाइट जाणाऱ्या गावात 5 दिवस धरा. पुन्हा 24 तास फ्रिजच्या खालच्या भागात, आणि शेवटी 24 तास बाहेर, पिशवी न उघडता. घाई करून थंड पिशवी उघडली की पानावर दव जमतं आणि रॅपर चिरतो. एका दाराच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा उणे 18 पर्यंत पोचत नाही. आत थर्मामीटर ठेवून खात्री करा.

गोठवून झालं म्हणून सिगार फ्रिजमध्येच साठवू नका. फ्रिजची हवा कोरडी असते आणि त्यात कालच्या भाजीचा वास असतो.

सिगार थंड ठेवायला वाइन कूलर घेत असाल, तर एक गोष्ट पाहा. थर्मोइलेक्ट्रिक प्रकारचा कूलर बाहेरच्यापेक्षा साधारण 10-12 अंशच खाली जातो. बाहेर 40 असताना आत 28-30. इथे कॉम्प्रेसरचाच लागतो, आणि तो हवा कोरडी करत असल्यानं सिगार त्यातही हवाबंद डब्यातच ठेवावे लागतात.

पांढरं दिसलं की खूश होणे

जुन्या सिगारवर तेलाचे पांढरे स्फटिक येतात, ते मुरल्याचं लक्षण, अशी एक लाडकी समजूत आहे. पानावर पांढरे ठिपके किंवा केसाळ थर दिसला, तर ती बुरशीच समजा. थर फक्त रॅपरवर असेल, तर मऊ ब्रशनं झाडा, तो सिगार वेगळा ठेवा, डबा रिकामा करून पुसा, वाळवा आणि आर्द्रता 62 वर आणा. पेटवायच्या टोकाच्या उघड्या भागात बुरशी शिरली असेल, किंवा ती निळी-हिरवी असेल, तर सिगार टाकून द्या. कितीही महाग असला तरी.

प्रत्येक सिगार दहा वर्षं ठेवणे

चांगल्या काळाची लांबी पानावर ठरते. यंत्रानं बनवलेले, तुकड्यांच्या भरणाचे आणि चवी घातलेले सिगार मुरत नाहीत, वर्षभरात संपवा. कनेक्टिकट शेडसारख्या फिकट रॅपरचे सौम्य सिगार साधारण 1 ते 3 वर्षांत उत्तम असतात, पुढे फिके पडतात. मध्यम ताकदीचे 3 ते 5. भरपूर लिगेरो, म्हणजे झाडाच्या वरच्या भागाचं जाड पान असलेले निकाराग्वाचे किंवा क्यूबाचे दणकट सिगार 5 ते 10 वर्षं आणि पुढेही चांगले लागू शकतात. हे अंदाज 18 ते 21 अंशांच्या साठवणीचे. उबेत सुवासिक तेलं लवकर उडतात, त्यामुळे एसीविना ठेवत असाल तर खालचा आकडाच धरा.

वय मोजायचं ते खरेदीपासून नव्हे, खोक्यावरच्या तारखेपासून. क्यूबाच्या खोक्याच्या तळावर स्पॅनिश महिना आणि वर्ष छापलेलं असतं: 'ईएनई' जानेवारी, 'एबीआर' एप्रिल, 'एजीओ' ऑगस्ट, 'डीआयसी' डिसेंबर. अमोनियाचा वास येणारा सिगार बिघडलेला नसतो, कच्चा असतो. त्याला सहा महिने ते वर्ष द्या. दर सहा महिन्यांनी त्याच खोक्यातला एक ओढून तारीख आणि चव वहीत लिहा. सलग दोनदा 'फिका' लिहावं लागलं, तर उरलेले संपवायला घ्या. आणि मुरल्यानं दर्प कमी होतो, अपाय नाही. तोंडाला, घशाला जुना सिगारही नव्याइतकाच घातक.

वाळलेल्या सिगारला घाईनं पाणी पाजणे

मे महिन्यात डबा उघडा राहिला आणि सिगार कुरकुरीत झाले, तर ओला कपडा गुंडाळू नका, वाफ देऊ नका. बाहेरचं पान आतल्या भरणाआधी फुगतं आणि उभं फाटतं. 62 ची पुडी टाकून डबा तीन आठवडे बंद ठेवा, मग हवं तर 65 ची पुढचे तीन आठवडे. या काळात सिगार हाताळू नका. लवचिकपणा परत येतो, उडून गेलेलं तेल परत येत नाही. उलट, पावसाळ्यात सिगार दाबल्यावर स्पंजासारखा लागला, तर ओढण्याआधी एक-दोन दिवस तो रिकाम्या लाकडी खोक्यात, पुडीशिवाय, कोरड्या खोलीत ठेवा.