कप्पे लावताना आणि सजवताना या चुका टाळा

आवरलेलं कपाट पहिल्या दिवशी सुंदरच दिसतं. ते नीट लावलंय की नाही, हे कळतं तीन-चार आठवड्यांनी. तोवर डब्यांवर डबे चढलेले असतात, पुस्तकांवर पुस्तकं आडवी पडलेली असतात आणि सजावटीच्या वस्तूंमध्ये चाव्या, औषधाची पाकिटं, चार्जरच्या वायरी येऊन बसलेल्या असतात. मग आपण स्वतःला किंवा घरच्यांना बोल लावतो. बहुतेक वेळा ते बोलणं अन्यायाचं असतं, कारण दोष माणसांच्या आळसात कमी आणि कप्प्याच्या रचनेत जास्त असतो.

वस्तू हवी असली की माणूस ती कुठूनही काढतो. पुढचे तीन डबे बाजूला करेल, स्टुलावर चढेल. परत ठेवताना मात्र ती निकड उरलेली नसते, आणि मग वस्तू जिथे हात टेकेल तिथे राहते. म्हणून कप्पा रचताना माझा पहिला प्रश्न असतो: इथे वस्तू परत ठेवणं किती सोपं आहे? खालच्या बऱ्याच चुका या एका प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यानं होतात. काही चुका सुतारकामाच्या आहेत. त्यांच्याकडे तर आणखी लक्ष द्यायला हवं, कारण तिथे पसाऱ्यापेक्षा मोठं नुकसान होऊ शकतं.

डबे आधी, मोजमाप नंतर

एकसारख्या टोपल्या, पारदर्शक डबे, खणांचे ट्रे घेऊन यायचे आणि मग त्यांत काय ठेवता येईल ते शोधायचं, हा क्रम उलटा आहे. आधी सगळं बाहेर काढा, सारख्या वस्तूंचे गट करा, नको ते बाजूला करा. उरलेला ढीग मोजा आणि मग डब्यांचा विचार करा. कित्येकदा डबे लागतच नाहीत.

मोजताना कपाटाची बाहेरची मापं घेऊ नका. दार पूर्ण उघडल्यावर बिजागरी आणि दाराची कड आत किती जागा खातात ते पाहा. रुंदी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आलेलं माप धरा. ओढून काढायच्या ट्रेच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक हवी. मापात अगदी ठासून बसलेला ट्रे बाहेर काढताना दाराला अडकतो, आणि दोनदा अडकला की कोणी त्याला हात लावत नाही.

परत ठेवायला तीन हालचाली लागत असतील तर

रोजची वस्तू जागेवर ठेवायला किती हालचाली लागतात ते एकदा मोजा. दार उघडलं, वरचा डबा उचलला, खालच्याचं झाकण काढलं, वस्तू टाकली, झाकण लावलं, डबा परत चढवला. रोजच्या वस्तूसाठी हे कोणाच्याच हातून टिकणार नाही. रोज लागणाऱ्या गोष्टी बिनझाकणाच्या, उघड्या टोपलीत ठेवा. झाकण असलेले आणि एकावर एक रचलेले डबे वर्षातून एक-दोनदा लागणाऱ्या वस्तूंसाठी चांगले.

उंचीचंही असंच. गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचा पट्टा म्हणजे घरातली सगळ्यात सोयीची जागा. तो पट्टा क्वचित लागणाऱ्या वस्तूंनी भरलेला आणि रोजच्या वस्तू माळ्यावर, असं बऱ्याच घरांत दिसतं. जड वस्तू खाली, हलक्या वर. मुलांच्या वस्तू मुलांच्या उंचीवर ठेवा, नाहीतर त्या आवरण्याचं काम कायमचं मोठ्यांकडेच राहील.

खोल कप्प्यात मागची रांग विसरली जाते. तिथे दोन रांगा लावण्याऐवजी पुढे ओढता येणारे लांबट ट्रे ठेवा. बाटल्या-बरण्यांसाठी फिरता ट्रे उपयोगी पडतो, विशेषतः कोपऱ्यात. मागची रांग ठेवायचीच असेल तर तिच्याखाली पाट किंवा ठोकळा घालून ती उंच करा. नजरेला दिसलं तरच हात जातो.

उथळ कपाटाची अडचण वेगळी. कपड्यांचा हँगर साधारण 45 सेंटीमीटर रुंद असतो, म्हणून लटकवायच्या कपाटाला आतून 55 ते 60 सेंटीमीटर खोली लागते. त्याहून कमी असेल तर हँगर तिरके होतात आणि दार बाह्यांवर दाबून बंद होतं. अशा कपाटात दांडी आडवी लावण्याऐवजी मागून पुढे येणारी लावा. जागा थोडी कमी मिळेल, पण कपडे चुरगळणार नाहीत.

आणखी एक: फळ्यांमधली अंतरं सरकवता येत असली तरी त्या बसवताना होत्या तिथेच वर्षानुवर्षं राहतात. कपड्यांचा गठ्ठा 25-30 सेंटीमीटरच्या वर गेला की खालचा कपडा ओढताना कोसळतो, त्यामुळे कपड्यांसाठी उंच कप्प्यापेक्षा दोन बुटके कप्पे बरे. ए-फोर आकाराची फाइल 30 सेंटीमीटरच्या आसपास उंच असते. तिच्यासाठी एकच कप्पा 33-34 सेंटीमीटरचा करा, बाकीचे कमी करून घ्या. खुंट्या काढून फळी दोन भोकं वर-खाली करायला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात एखादी फळी जास्तीची बसण्याइतकी जागाही निघू शकते.

फळी मधोमध वाकली आहे

पुस्तकांच्या फळ्यांबाबत ही हमखास येणारी अडचण. पुस्तकं दिसतात त्यापेक्षा जड असतात. मीटरभर फळी गच्च भरली तर सहज 25 किलोच्या आसपास वजन होतं, जाड गुळगुळीत कागदाची मोठी पुस्तकं असतील तर आणखी जास्त. आणि हा भार रात्रंदिवस असतो. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेल्या फळ्या) अशा सततच्या भाराखाली हळूहळू वाकत जातात. पहिल्या महिन्यात सरळ दिसणारी फळी वर्षभरात पोट काढते. त्याच जाडीचं चांगलं प्लायवूड बरंच जास्त टिकाव धरतं.

फळीच्या लांबीचा परिणाम आपल्या अंदाजापेक्षा फार मोठा असतो. सारखीच पुस्तकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरलेली धरली आणि आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर फळीचा झोल दुप्पट न होता 16 पट होतो. जाडी वाढवली तर उलट फायदा: 18 मिलिमीटरऐवजी 25 मिलिमीटरची फळी घेतली तर झोल निम्म्याहूनही कमी होतो. म्हणून 18 मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डवर पुस्तकं ठेवायची असतील तर आधारांमध्ये 60 सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका.

आधीच वाकली असेल तर? फळी उलटी करून बसवण्याचा उपाय बरेच जण करतात. त्यानं काही महिने मिळतात, मग ती दुसऱ्या बाजूनं वाकते. खरा उपाय मधोमध उभा आधार देणं. तो नको असेल तर फळीच्या पुढच्या कडेला 40 मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी उभी धरून डिंक आणि स्क्रूनं पक्की करा. फळीचा ताठपणा दुपटीहून जास्त वाढतो आणि कडही भरीव दिसते. पट्टी लावण्याआधी फळी रिकामी करून, उलटी ठेवून सरळ होऊ द्या, नाहीतर झोल तसाच पक्का होईल. कपाटाला मागचा पत्रा किंवा प्लाय असेल तर फळीची मागची कड त्यालाही स्क्रूनं जोडता येते.

भिंतीवरची फळी सैल होतेय, पुढे झुकतेय

इथे आधी फळी रिकामी करा, मग पुढचं वाचा.

भिंतीवरच्या ब्रॅकेटला, म्हणजे फळीखालच्या काटकोनी आधाराला, वजन खाली दाबतं, त्याबरोबरच वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेरही ओढतं. समजा 30 सेंटीमीटर खोल फळीवर 10 किलो आहे. ते सरासरी भिंतीपासून 15 सेंटीमीटरवर आहे. ब्रॅकेटची उभी भुजा 15 सेंटीमीटर असेल तर वरच्या स्क्रूंवर बाहेरची ओढ साधारण 10 किलोची येते. तीच भुजा 5 सेंटीमीटर असेल तर 30 किलोची. म्हणून छोट्या, नाजूक दिसणाऱ्या ब्रॅकेटवर खोल फळी ठेवणं धोक्याचं. ब्रॅकेटची आडवी भुजा फळीच्या निदान दोन-तृतीयांश खोलीपर्यंत पोचली पाहिजे, आणि लांब भुजा भिंतीवर घेतलेली बरी. ब्रॅकेट न दिसणाऱ्या तरंगत्या फळ्या शोभेच्या हलक्या वस्तूंसाठी ठेवा. त्यांवर पुस्तकांची रांग लावू नका.

दुसरं कारण प्लगचं, म्हणजे स्क्रू घट्ट धरण्यासाठी भिंतीतल्या भोकात बसवतात त्या नळीचं. विटांच्या भिंतीवर गिलाव्याचा थर असतो आणि आखूड प्लग त्या थरातच संपतो. गिलावा भुसभुशीत असतो, तो वजन धरत नाही. प्लग विटेत किंवा काँक्रीटमध्ये पोचला पाहिजे. भोक पाडल्यावर आतली भुकटी फुंकून किंवा ब्रशनं काढा, नाहीतर प्लग पूर्ण आत जात नाही आणि घट्टही बसत नाही. भोक ऐसपैस झालं असेल तर काडेपेटीच्या काड्या खुपसून भागवू नका. जाड प्लग घ्या किंवा दोन-तीन इंच बाजूला नवं भोक घ्या. जिप्सम बोर्डच्या भिंतीला साधा प्लग चालत नाही. तिथे मागच्या चौकटीत स्क्रू जायला हवा किंवा बोर्डाच्या मागे उघडणारा खास अँकर हवा. हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीलाही तिचे वेगळे प्लग मिळतात.

स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच पातळीत आडवं भोक पाडू नका. वायरी बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. नळाच्या बाबतीतही तेच.

आणि उंच, जमिनीवर उभं असलेलं प्रत्येक कपाट किंवा मांडणी वरच्या बाजूनं भिंतीला बांधा. लहान मूल खालचे खण ओढून पायऱ्यांसारखं चढतं, आणि उघड्या खणांच्या भारानं कपाट पुढे कोसळतं. हे काम उद्यावर टाकू नका. पलंगाच्या उशाशी, डोक्यावर जड फळी लावू नका, कितीही पक्की वाटली तरी.

कप्प्यात कुबट वास, भिंतीकडच्या वस्तूंवर बुरशी

कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवलं की मागे हवा खेळत नाही. दोन-तीन बोटं अंतर सोडा. पुस्तकंही फळीवर ठासून भरू नका आणि मागच्या भिंतीला टेकवू नका.

ओल भिंतीतून येतेय की खोलीतल्या हवेतून, हे ओळखण्याचा सोपा मार्ग आहे. कपाट सरकवून भिंतीवर ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेपनं चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. पाणी फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतून झिरपतेय, तिथे आधी गळती शोधायला हवी. खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर बसतोय, तिथे खिडकी उघडणं, पंखा आणि कपाटामागचं अंतर यांनी फरक पडतो. ओल तशीच ठेवून वर रंग दिला किंवा सुगंधी पुड्या ठेवल्या तर वास परत येतो.

सजावट विखुरलेली दिसते

प्रत्येक फळीवर एकेक छोटी वस्तू सारख्या अंतरावर ठेवली की नजर कुठेच ठरत नाही. त्याच वस्तू दोन-तीन गटांत जमवा. एका गटात एक उंच, एक मध्यम, एक बुटकी. तीनचा गट बहुतेक वेळा दोनपेक्षा मोकळा दिसतो. गट एखाद्या ट्रेवर किंवा आडव्या पुस्तकांवर ठेवलात तर तो एकत्र वाटतो, आणि धूळ पुसताना एकदम उचलता येतो. हे पुसणं महत्त्वाचं आहे. दर आठवड्याला अकरा वस्तू एकेक उचलाव्या लागल्या तर कोणी उचलणार नाही, आणि धुळीनं माखलेली सजावट नसलेलीच बरी.

काही जागा मोकळी सोडा. फळीचा निदान पाचवा हिस्सा रिकामा असावा असं मला वाटतं. ती जागा डोळ्याला विसावा देते आणि नव्या वस्तूलाही सामावून घेते.

रंगवार लावलेली पुस्तकं सुरेख दिसतात, पण रोज वाचणाऱ्या घरात हवं ते पुस्तक सापडत नाही. वाचायची पुस्तकं विषयानुसार ठेवा, रंगांची हौस फळीच्या मागच्या भिंतीला रंग देऊन भागवा. पुस्तकं तिरकी टेकून ठेवू नका, शिवण वाकते. जड आणि मोठ्या आकाराची आडवी ठेवा. थेट ऊन पडणाऱ्या फळीवर कण्यांचे रंग उडतात. ती जागा काच किंवा मातीच्या भांड्यांना द्या.

फळीवर दिवे लावायचे असतील तर एलईडी पट्टी मागच्या कडेला न लावता वरच्या फळीच्या पुढच्या कडेआड, आत वळवून लावा. मागून उजेड आला की वस्तूंच्या फक्त काळ्या आकृत्या दिसतात. उजेड 2700 ते 3000 केल्विनचा घ्या, तो उबदार असतो. झाडांच्या कुंड्यांखाली बशी हवीच, आणि पुस्तकांच्या वर कुंडी नको. खिडकीपासून दूरच्या फळीवर उजेड झपाट्यानं कमी होतो, म्हणून झाड तिथे सुकत असेल तर पाणी वाढवण्याआधी त्याची जागा बदलून पाहा.

एवढं करूनही पसारा परत येतोय

मग आठवडाभर काही आवरू नका, फक्त पाहा. कुठल्या वस्तू कुठे येऊन पडतात? टेबलाच्या कोपऱ्यावर रोज चश्मा आणि कागद जमत असतील तर त्या वस्तूंची नैसर्गिक जागा तीच आहे. कागदांसाठी तिथेच एक उभा स्टँड ठेवा, चश्म्यासाठी एक वाटी. ज्या कप्प्यात सगळं मिसळून जातं, तिथे चिठ्ठी लावा, आणि चिठ्ठीवरचं नाव घरातले सगळे त्या वस्तूला जे म्हणतात तेच लिहा. दुसऱ्या खोलीत न्यायच्या वस्तूंसाठी दाराजवळ एक टोपली ठेवा आणि ती रात्री झोपायला जाताना रिकामी करा. टोपली सतत भरून वाहत असेल तर तिच्यातल्या वस्तू पाहा. त्यांतल्या बऱ्याच वस्तूंना घरात ठरलेली जागाच नसते, आणि पुढचा कप्पा त्यांच्यासाठी लावायचा.