आधी संत्री, मग मोल

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या अकरावीच्या रसायनशास्त्राच्या वर्गात मोल शिकवायच्या दिवशी मी फळ्यावर पहिल्यांदा संत्री लिहितो. ५ डझन संत्री, एक संत्रं १५० ग्रॅमचं, तर वजन किती? उत्तर पोरं तोंडीच देतात. पण मी एककांसकट लिहायला लावतो:

५ डझन × (१२ संत्री / १ डझन) × (१५० ग्रॅम / १ संत्रं) = ९००० ग्रॅम

डझन डझनाशी कटतो, संत्री संत्र्यांशी. लाल खडूने काट मारायची, प्रत्येक वेळी. मोल म्हणजेही डझनच, फक्त १२ च्या जागी ६.०२२ × १०²³ कण.

आता खरं गणित. आपल्याकडे कपाशीला युरिया टाकतात, तो अमोनियापासून बनतो. १ मोल नायट्रोजन आणि ३ मोल हायड्रोजन मिळून २ मोल अमोनिया होतो. १२ ग्रॅम हायड्रोजनपासून किती ग्रॅम?

१२ ग्रॅम हायड्रोजन × (१ मोल हायड्रोजन / २ ग्रॅम हायड्रोजन) × (२ मोल अमोनिया / ३ मोल हायड्रोजन) × (१७ ग्रॅम अमोनिया / १ मोल अमोनिया) = ६८ ग्रॅम अमोनिया

मधला अपूर्णांक हाच पूल. तो गाळला की १०२ येतात, आणि दरवर्षी अर्धा वर्ग तिथेच अडखळतो. म्हणून नुसतं ‘मोल’ लिहिलेलं मी चालवून घेत नाही. कशाचे मोल, ते शेजारी हवंच. पदार्थाचं नाव लिहिलं की ‘मोल हायड्रोजन’ ‘मोल अमोनिया’शी कटत नाही, हे पोरांना आपोआप दिसतं. अपूर्णांक उलटा मांडला तरी एकक कटत नाही, चूक लगेच पकडता येते.

कॅल्क्युलेटर सगळ्या काटा मारून झाल्यावरच.