साध्या मेयोनीजला चव लावताना या चुका टाळा

वाटीभर मेयोनीज, मूठभर पुदिना, दोन मिरच्या, वरून लिंबू पिळलं आणि सगळं एकदम मिक्सरला फिरवलं. हाती येतं ते सँडविचच्या कडेने ओघळणारं हिरवट पाणी. चव लावताना मेयोनीज बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळेच.

मेयोनीज म्हणजे थोड्याशा आंबट पाण्यात अडकवून ठेवलेले तेलाचे बारीक थेंब. अंड्याच्या मेयोनीजमध्ये ते थेंब बलकाच्या जोरावर टिकतात. बिनअंड्याच्या पाकिटात बऱ्याचदा तेल कमी असतं आणि दाटपणा स्टार्च किंवा गमने आणलेला असतो. वरून पाणी पडलं किंवा मिक्सरच्या पात्याने जास्त घुसळलं की हा दाटपणा मोडतो, आणि नंतर कितीही फेटलं तरी नीट परत येत नाही.

म्हणून मेयोनीज मिक्सरला लावूच नका. पुदिना मेयोसाठी 15-20 पानं, मूठभर कोथिंबीर आणि एक मिरची धुऊन कापडावर पसरा, अगदी कोरडी होऊ द्या. चटणीच्या छोट्या भांड्यात वाटताना पाण्याऐवजी दोन चमचे मेयोनीज घाला. हे वाटण उरलेल्या मेयोनीजमध्ये चमच्याने हलकेच मिसळा. (इथली सगळी प्रमाणं एका वाटीला, म्हणजे साधारण 200 ग्रॅमला, आणि चमचा चहाचा.) तरीही पातळ झालंच, तर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर श्रीखंडाला लावतो तसा घट्ट चक्का तीन-चार चमचे घाला. साधं दही नको, त्याने आणखी पाणी सुटेल.

तंदुरी मेयोत कच्च्या तिखटाचा वास राहतो, कारण मसाला थेट मेयोनीजमध्ये पडतो. तिथे तो शिजणार कुठे? दोन चमचे तेल बेताचं गरम करा, गॅस बंद करा, मग त्यात दीड चमचा काश्मिरी मिरचीपूड आणि पाव चमचा जिरेपूड घाला. रंग सुटला की बाजूला ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. घाईने गरम तेल ओतलंत तर मेयोनीज फाटून तेल वर तरंगेल. शेवटी अर्धा चमचा कसुरी मेथी तळहातावर चुरून घाला. काळं मीठ चिमूटभरच.

मीठ आधी घालायचंच नाही. पाकिटातल्या मेयोनीजमध्ये मीठ, आंबट आणि बऱ्याचदा साखरही असते. त्यात ठेचा किंवा शेजवान चटणी घातली की त्यांचं मीठ वेगळं. ठेचा दोन चमचे पुरे, शेजवान चटणी चार. चव लगेच ठरवू नका. मसाला मुरायला अर्धा तास द्या आणि नुसतं न चाटता पावाच्या तुकड्याला लावून बघा, कारण नुसतं खारट लागणारं पावासोबत बरोबर लागतं.

लसणीचं गणित जरा वेगळं. लसूण चिरडल्यावरच तिचा उग्रपणा तयार होतो, अख्ख्या पाकळीत तो नसतो. दोन-तीन पाकळ्या थेट एक चमचा लिंबाच्या रसात किसा. आंबटपणामुळे उग्रपणा कमी तयार होतो. तेवढाही उग्रपणा नको असेल तर लसूण मंद आचेवर तेलात बदामी करून, निथळून, गार झाल्यावर ठेचून घाला. करपली की कडवट लागते, मग ती टाकूनच द्यावी.

सगळ्या बाटलीला एकदम चव लावू नका, लागेल तेवढंच वेगळं काढा. ताजी लसूण किंवा हिरवा मसाला घातलेलं मेयोनीज झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. फ्रीझरमध्ये ठेवलं तर बाहेर आल्यावर फाटतं.

कच्च्या अंड्याचं घरगुती मेयोनीज त्याच दिवशी संपवा, बाहेर काढून ठेवू नका. साल्मोनेला जंतूंचा धोका खरा आहे. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने जानेवारी 2023 मध्ये बंदी घातली, तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये.

डब्यात सँडविच द्यायचं असेल तर पावाला आधी लोण्याचा पातळ हात फिरवा, मग मेयोनीज. काकडी-टोमॅटोच्या चकत्या कापडाने टिपून घ्या, आणि मीठ खाताना भुरभुरायला पुडीत वेगळं द्या.