मराठी-हिंदी शेजारी ठेवून ग्रीक शब्दाचा अर्थ कसा तपासावा

इंदूरच्या मराठी वाचकाला हिंदी मुद्दाम शिकावी लागत नाही. बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द तपासताना ही मोठी सोय आहे. दोन्ही भाषांतरे समोर उघडा आणि जिथे शब्द फाकतात तिथे थांबा. मत्तय 3:2 मध्ये मराठीत ‘पश्चात्ताप करा’ आहे, हिंदीत ‘मन फिराओ’.

आता मूळ शब्द गाठा. स्ट्राँगच्या बायबल-शब्दसूचीत (1890) प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक आहे, त्यामुळे ग्रीक अक्षरे येत नसली तरी अडत नाही. इथला क्रमांक 3340, मेतानोएओ. यातल्या ‘मेता’त बदलाचा भाव आहे आणि ‘नोएओ’ म्हणजे विचार करणे, समजणे. ओळीत मात्र ‘मेतानोएइते’ हे आज्ञार्थी रूप दिसेल. कोशात क्रियापद ‘मी करतो’ अशा रूपाखाली असते, म्हणून ओळीतले रूप जसेच्या तसे शोधले तर हाती काही लागत नाही.

मग शेजारचा शब्द पाहा. मत्तय 27:3 मध्ये येशूला धरून देणाऱ्या यहूदाला पस्तावा होतो, पण तिथे क्रमांक 3338 आहे: मेतामेलोमाय, केल्याची रुखरुख लागणे. हिंदीत ‘मन फिराना’ आणि ‘पछताना’ असे दोन शब्द राहिले. मराठीत ‘पश्चात्ताप’ आणि ‘पस्तावणे’ एकाच मुळाचे, त्यामुळे नुसते मराठी वाचून हा फरक कानाला लागत नाही.

सगळ्यात जास्त चुका व्युत्पत्तीत होतात. एक्लेसिया (क्रमांक 1577, मराठी बायबलातली ‘मंडळी’) हा ‘एक’ म्हणजे बाहेर आणि ‘कालेओ’ म्हणजे बोलावणे यांपासून झाला, हे खरे. पण म्हणून त्याचा अर्थ ‘जगातून बाहेर बोलावलेले’ होत नाही. अथेन्समध्ये नागरिकांच्या सभेला एक्लेसिया म्हणत. प्रेषितांची कृत्ये 19:32 मध्ये इफिसच्या नाट्यगृहात आरडाओरड करणाऱ्या जमावालाही हाच शब्द आहे. प्रवीण म्हणजे मुळात वीणा उत्तम वाजवणारा, पण ‘स्वयंपाकात प्रवीण’ म्हटल्यावर आपण वीणा मनात आणत नाही. मराठीतला ‘मंडळी’ म्हणूनच नेमका बसतो. हिंदीतला ‘कलीसिया’ तर अरबी-फारसीच्या वाटेने आलेला तोच ग्रीक शब्द आहे.

प्रेमासाठीच्या ग्रीक शब्दाबद्दल ‘अगापे म्हणजे केवळ ईश्वरी प्रेम’ हे वाक्य प्रवचनातून वारंवार ऐकू येते. तपासून पाहा. पिता पुत्रावर प्रीती करतो, तिथे योहान 3:35 मध्ये अगापाओ (अगापेचे क्रियापद) आहे आणि 5:20 मध्ये प्रेम करणे याच अर्थाचे दुसरे क्रियापद, फिलेओ. 2 तीमथ्य 4:10 मध्ये पौलाला सोडून गेलेल्या देमासाला जगाची जी ओढ लागली, तिलाही अगापाओच आहे. सामर्थ्यवाचक ‘दुनामिस’ (1411) समजावताना डायनामाइट आणू नका. ते नाव नोबेलने 1867 मध्ये ग्रीकवरून घेतले; पौलाच्या मनात स्फोट नव्हता.

संस्कृत येत असेल तर आणखी एक वाट आहे, पण जपून चाला. ओइदा (मला ठाऊक आहे) आणि संस्कृत ‘वेद’ (मी जाणतो) खरेच सख्खे आहेत, पातेर आणि पितृ तसेच. थेओस (ईश्वर) आणि देव मात्र फक्त ऐकायला जवळचे; ‘देव’चे नाते द्यौस आणि ग्रीक झेउसशी आहे.

वहीत देवनागरीत लिहिताना ताउ (τ) या ग्रीक अक्षराला ‘त’, थीताला (θ) ‘थ’ ठेवा. इंग्रजी वळणाने ‘मेटानोएओ’ लिहिले की दुसऱ्या कोशात शोधताना गोंधळ होतो.